सातबाऱ्यावर न चढलेला बोजा

सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात काय काय सापडतं, हे ज्याने कधी जुनी जमीन विकत घेतली आहे त्याला ठाऊक असतं. आजोबांनी काढलेली तगाई, बंडिंगचा बोजा, विविध कार्यकारी सोसायटीचं कर्ज, शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता, कुणा विधवा चुलतीचा पोटगीचा हक्क, कुळाचं नाव. कर्ज फिटून चाळीस वर्षं झालेली असतात, कर्ज देणारी सोसायटीही बुडालेली असते, तरी नोंद तिथेच असते. ती उतरवून घेतल्याशिवाय कोणी शहाणा माणूस इसार देत नाही. तलाठ्याकडे खेटे होतात, फेरफार होतो आणि मगच व्यवहार पुढे सरकतो. जमीन कोणाच्याही हातात गेली तरी तिच्यावरचं देणं तिच्याबरोबर चालत जातं, असा या रकान्यामागचा विचार आहे. तो फार शहाणपणाचा आहे. या रकान्यात आणखी एका देण्याची नोंद व्हायला हवी असं माझं म्हणणं आहे: जमिनीत मुरलेल्या विषाची.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. ठाणे जिल्ह्यात, रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्याला लागून असलेल्या एका गावात वडिलांनी १९७४ साली साडेतीन गुंठे घेतले, चार खोल्यांचं घर बांधलं आणि मागच्या बाजूला विहीर खणली. माझं लहानपण त्या विहिरीच्या पाण्यावर गेलं. १९९० च्या सुमारास उन्हाळ्यात पाण्यावर तवंग दिसू लागला. आधी आम्हाला वाटलं, पंपाचं तेल गळत असेल. मग हंड्या-कळशांच्या तळाला पिवळट थर बसायला लागला, पाण्याला वास यायला लागला आणि एके दिवशी आईने रहाटाचा दोर सोडवून माळ्यावर टाकला. गावातल्या आणखी पाच-सहा विहिरींची तीच गत होती. कोणत्या कारखान्यातून काय आलं, कोणी तपासलं नाही. दारात नळ आला होता, त्यामुळे विहीर विसरणं सोपं गेलं.

२००९ साली, वडील गेल्यावर, घर विकायला काढलं. दलालाने पहिल्याच भेटीत सांगितलं, "दादा, विहिरीचा विषय आपण होऊन काढू नका. विचारलंच तर सांगा, नळाला भरपूर पाणी आहे, विहिरीची गरज पडत नाही." यात एकही शब्द खोटा नव्हता. आई आतून म्हणाली, "लेकुरवाळी माणसं येतील राहायला. सांगून टाक बाबा." पहिलं गिऱ्हाईक विहिरीचं ऐकून पुन्हा फिरकलं नाही. दुसऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बुजवणारच आहोत ती. तिथे गाडी लावायची आहे." भाव ठरला, खरेदीखत झालं. खरेदीखतात चतुःसीमा होत्या, एक आंबा आणि दोन नारळ होते, विहीरही होती. तिच्या पाण्याबद्दल अक्षर नव्हतं. लिहावं असं माझ्याही डोक्यात आलं नाही. सांगितलं म्हणजे माझं काम झालं, असं मला वाटलं. चार वर्षांनी त्या गृहस्थांनी घर तिसऱ्याला विकलं. त्यांनी तिसऱ्याला काय सांगितलं असेल, मला माहीत नाही. बुजवलेली विहीर दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही. मी खरं बोललो होतो, पण ते खरं आमच्या ओटीवर, चहाच्या कपापाशीच राहिलं.

लिहून ठेवलं असतं तर पुरलं असतं का? अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स या शहरातली लव्ह कॅनॉल वसाहतीची हकीकत या प्रश्नासाठी मुळातून समजून घेण्यासारखी आहे. अर्धवट खणून सोडून दिलेल्या एका कालव्यात हूकर केमिकल या कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जमीन शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकून टाकली. कंपनीने खरेदीखतात स्पष्ट लिहिलं होतं की इथे रसायनं पुरलेली आहेत आणि यापुढे काही झालं तर जबाबदारी आमची नाही. मंडळाने तिथे शाळा बांधली. उरलेल्या आणि आजूबाजूच्या जमिनीवर घरं उभी राहिली. नव्याने संसार मांडणाऱ्या कामगार कुटुंबांनी ती घेतली. त्यांच्या हातात आलेल्या कागदांत ते वाक्य नव्हतं. १९७० च्या दशकात मोठ्या पावसा-बर्फानंतर पिंपं वर येऊ लागली, तळघरांच्या भिंतींतून काळा चिकट द्रव पाझरू लागला. त्या शाळेत मुलगा असलेल्या लोइस गिब्ज या गृहिणीने दारोदार फिरून आजारपणांची माहिती गोळा केली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली आणि पुढे नऊशेच्या आसपास कुटुंबांना घरं सोडावी लागली.

इशारा लिहिलेला होता, तरी ज्याला त्याची गरज होती त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. खरेदीखत हा दोन पक्षांमधला कागद आहे आणि पुढच्या खरेदीदाराच्या वाट्याला पुढचा कागद येतो. मी माझ्या खरेदीखतात विहिरीबद्दल लिहिलं असतं, तरी तिसऱ्या माणसाने माझं खरेदीखत काढून वाचलंच असतं याची काय खात्री? सातबारा मात्र त्याने पाहिलाच असता. म्हणून माझा आग्रह सातबाऱ्याचा आहे, आणि शहरात मिळकत पत्रिकेचा. जमिनीचा स्वतःचा असा जो कागद असतो, जो मालक बदलला तरी बदलत नाही, त्यावर ही नोंद हवी.

घर घेताना आपण मातीबद्दल काहीच विचारत नाही असं नाही. 'सॉइल टेस्ट झाली आहे ना?' असं विचारणारी माणसं असतात आणि बिल्डर तो अहवाल समोर ठेवतो. त्यात किती खोलीवर मुरूम लागला, किती खोलीवर पक्का खडक, पायाखालची जमीन किती भार पेलेल, हे असतं. शेतकऱ्याकडे दुसरा कागद असतो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पहिल्या कागदावरून इमारत खचणार नाही हे कळतं, दुसऱ्यावरून पीक कसं येईल ते कळतं. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, षट्संयुजी क्रोमियम, ट्रान्सफॉर्मरमधली जुनी तेलं, पेट्रोल पंपाच्या गळक्या टाकीतून झिरपलेलं बेंझीन यांतलं काहीही या दोन्ही कागदांवर नसतं. दोन्ही परीक्षांत उत्तम गुण मिळवलेली जमीन दोन वर्षांच्या मुलाने खेळायला अयोग्य असू शकते.

आणि खेळणार तेच. लहान मूल हात तोंडात घालतं, जमिनीवरची वस्तू चाटतं. दूषित मातीचा सर्वांत मोठा हिस्सा त्याच्या पोटात जातो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा मारा वाढत्या मेंदूवर होतो. धातू कुजत नाहीत, विरत नाहीत. कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली म्हणजे विष संपलं, ही समजूत सेंद्रिय कचऱ्याच्या बाबतीत थोडीफार खरी असेल, धातूंच्या बाबतीत ती खोटी आहे.

'आम्ही चौदाव्या मजल्यावर राहणार, आम्हाला मातीशी काय करायचं?' हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. एप्रिल-मेमध्ये पालिकेचं पाणी कमी झालं की सोसायटीचा सेक्रेटरी बोअरचं पाणी टाकीत सोडतो, तेव्हा चौदावा मजला आणि जमिनीच्या पोटातलं पाणी यांच्यात फक्त एक पंप असतो. पेट्रोलसारखे उडून जाणारे द्रव मातीत असले तर त्यांची वाफ तळघराच्या फरशीच्या भेगांतून वर येते. बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये मेथी आणि अळू लावायला माळी खालचीच माती आणून देतो. शिवाय चौदाव्या मजल्याच्याही आधी त्या जागेवर राहायला येतात ते बांधकामावरचे मजूर. पत्र्याच्या खोल्यांत, उघड्या खोदकामाच्या काठावर त्यांची पोरं वर्ष-दोन वर्षं वाढतात. ज्या मातीची तपासणी झाली नाही ती पहिल्यांदा त्यांच्या अंगाला लागते. घराच्या खरेदी-विक्रीच्या कोणत्याही चर्चेत ही मुलं नसतात. ती असायला हवीत.

आता भरावाबद्दल, कारण माझ्या मते आपल्याकडे हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. दोन मजली तळघरासाठी खणलेली माती कुठे जाते? डंपर रात्री निघतात आणि शहराबाहेर कुठल्या तरी सखल जागी, खाडीकाठी, भातखाचरात, एखाद्याच्या बंगल्याच्या जोत्यात ती माती रिकामी करतात. भराव घेणारा विचारतो, ब्रासला किती? काळी की मुरूम? ती कुठल्या आवारातून आली हे विचारायची पद्धत नाही. सरकारही ब्रास मोजतं, कारण गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासवर घ्यायचं असतं. माती किती हे दप्तरात असतं, माती कसली हे नसतं. जुन्या डम्पिंग ग्राउंडांवरचा कचरा चाळून जी बारीक माती निघते तीही भरावाला वापरतात. म्हणजे ज्या गावात आयुष्यात कारखाना नव्हता, तिथल्या घराखालीही कारखान्याची माती असू शकते. हॉलंडमध्ये रॉटरडॅमजवळच्या लेकरकेर्क गावात नेमकं हेच झालं होतं. घरं बांधण्यापूर्वी तिथले चर कचऱ्याने बुजवले होते आणि त्या कचऱ्यात रंग आणि द्रावकांची पिंपं होती. १९८० साली ते उघडकीला आलं, २७० च्या आसपास घरं रिकामी करावी लागली, जमिनीतून हजारावर पिंपं काढली गेली. त्या एका गावाच्या धक्क्यातून डच सरकारला माती स्वच्छ करण्याचा कायदा करावा लागला.

आपल्याकडे धक्के बसले नाहीत असं कोण म्हणेल? तळोज्यात २०१७ साली अंगावर निळा रंग चढलेली कुत्री फिरताना दिसली. डोंबिवलीच्या औद्योगिक भागातला रस्ता २०२० साली गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री तो पाहायला गेले. उल्हासनगर-अंबरनाथच्या वालधुनी नदीत २०१४ च्या अखेरीस कोणी तरी रसायनं ओतली आणि विषारी वायूने शेकडो लोक रुग्णालयात पोचले. या सगळ्याचे फोटो छापून आले, कारण ते डोळ्यांना दिसलं किंवा नाकाला झोंबलं. तोच रंग जमिनीखाली दहा फुटांवर असता तर बातमी झाली नसती, आणि तिथे इमारत झाली असती तर पहिल्या दिवाळीपर्यंत सगळे फ्लॅट विकले गेले असते.

कायदा काय म्हणतो? १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५ वं कलम विकणाऱ्यावर बंधन घालतं. मालमत्तेतला असा महत्त्वाचा दोष, जो त्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडणार नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. मातीतलं विष या व्याख्येत अगदी चपखल बसतं, आणि तरीही हे कलम इथे लंगडं पडतं, कारण त्यातली अट आहे 'जो त्याला ठाऊक आहे'. ज्याने माती तपासली त्याला ठाऊक होतं. ज्याने तपासली नाही तो निर्दोष. मग कोण कशाला तपासेल? माझ्या दलालाने मला जो सल्ला दिला तो याच अटीतून येतो. मी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेलं नव्हतं. 'विहीर वापरत नाही' एवढंच म्हणून मी कायद्याच्या चौकटीत आरामात बसलो असतो. न जाणण्याला बक्षीस देणारी ही रचना आहे आणि ती बदलली पाहिजे.

अमेरिकेने लव्ह कॅनॉलनंतर ती उलटी केली. १९८० च्या कायद्याने दूषित जमिनीच्या सफाईचा खर्च सध्याच्या मालकाकडूनही मागता येऊ लागला. १९८६ च्या दुरुस्तीने त्यातून सुटण्याची एक वाट ठेवली: घेण्यापूर्वी जमिनीच्या पूर्वीच्या वापराची नीट चौकशी केली होती, हे दाखवा. त्यामुळे, निदान व्यापारी जमिनींच्या व्यवहारांत, बँका आणि खरेदीदार स्वतःहून पन्नास-पन्नास वर्षांचे नकाशे धुंडाळू लागले. इंग्लंडमध्ये साधं घर घेणाऱ्याचा वकीलही जुन्या नकाशांवरून त्या जागी पूर्वी गॅसचा कारखाना, चामडं कमावण्याचा कारखाना किंवा कचराभूमी होती का, याचा अहवाल मागवतो. आपला वकीलही शोध घेतोच की. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. तीस वर्षांत ही जमीन कोणाकोणाची होती, हे आपण दुय्यम निबंधकाच्या दप्तरातून खणून काढतो. त्याच तीस वर्षांत त्या जमिनीवर काय चालत होतं, हे त्याच अहवालाच्या दोन ओळींत येऊ शकतं. त्यासाठी नवं खातं काढावं लागत नाही.

आणि सरकारला हे तत्त्व अपरिचित आहे असंही नाही. बंद पडलेल्या कारखान्याच्या जमिनीवर घरं बांधायची परवानगी हवी असेल तर आपल्या राज्यात कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं: कामगारांची देणी चुकती केली आहेत का? गिरणगावातल्या लोकांनी १९८२ च्या संपानंतर जे भोगलं, त्यामागचा जो झगडा होता, त्याची ही एक लहानशी पण खरी कमाई आहे. कारखान्याने ज्यांचं घेतलं त्यांचं परत केल्याशिवाय त्याची जमीन घरांसाठी मोकळी होत नाही, हे राज्याने मान्य केलं. मग मातीचं देणं का नको? गिरण्यांच्या ब्लीचिंग आणि डाइंग खात्यांचं पाणी, बॉयलरची राख, वाफेच्या नळांभोवतीचं ॲस्बेस्टॉस, हे सगळं त्याच आवारात होतं. कामगार आयुक्तांच्या प्रमाणपत्राशेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं मातीबद्दलचं प्रमाणपत्र अनिवार्य करणं, हे माझ्या मते सगळ्यांत आधी करण्यासारखं आणि सगळ्यांत सोपं काम आहे. जमीन औद्योगिक वापरातून रहिवासी वापरात जाते तो क्षण तपासणीचा. त्यावेळी जमीन मोकळी असते, मालक एक असतो, पैसा मोठा असतो. त्यानंतर तिथे चारशे मालक होतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज असतं.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, ही चांगली गोष्ट आहे. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, मग सविस्तर तपासणी, दोषी कोण ते ठरवायचं, खर्च त्याच्याकडून घ्यायचा. ज्याला पेलवत नाही त्याच्या जागी केंद्र आणि राज्याने तो उचलायचा. नियम आले तेव्हा देशभरात १०३ जागा हिशोबात होत्या आणि सफाई सुरू झालेल्या जागा ७. एकट्या ठाणे-बेलापूर, तळोजा, डोंबिवली, पाताळगंगा, लोटे, कुरकुंभ या पट्ट्यांचा विचार केला तरी १०३ हा आकडा एवढ्या मोठ्या देशासाठी किती तोकडा आहे ते कळतं. शिवाय कचराभूमी या नियमांतून वगळल्या आहेत, त्यांचे नियम वेगळे. घर घेणाऱ्याला मात्र हा भेद काय कामाचा? मुंबईत मालाडला चिंचोली बंदरची कचराभूमी बंद झाली आणि तिच्यावर मोठं कार्यालयांचं संकुल उभं राहिलं. तिथे संगणक आणि इतर यंत्रं वारंवार बिघडू लागली तेव्हा बोट दाखवलं गेलं ते खाली कुजणाऱ्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूंकडे. परिसरात राहणाऱ्यांच्या तक्रारी होत्याच.

या नियमांखाली जी यादी होईल ती मंडळाकडे राहील. घर घेणारा मंडळाच्या याद्या चाळत बसत नाही, तो ऑनलाइन सातबारा काढतो. ती यादी गट क्रमांकासह सातबाऱ्यापर्यंत गेली पाहिजे. रेरा कायद्याखाली बिल्डरला जमिनीवरचे बोजे जाहीर करावे लागतात. सातबाऱ्यावर विषाचा बोजा चढला की तो आपोआप त्या जाहीर करण्यात येईल.

आता या मागणीवरचा सगळ्यांत जड आक्षेप. तो बिल्डरांचा नाही, माझ्या गावातल्या लोकांचा आहे. "आमच्या शेतात विष त्यांनी सोडलं, आणि शिक्का आमच्या सातबाऱ्यावर मारणार?" कारखान्याशेजारच्या शेतकऱ्याची भातशेती गेली, विहीर गेली, उरली आहे ती जमिनीची किंमत, पोरीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणासाठी. नोंद झाली की तीही जाणार. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, त्याच्यातून वाट काढावी लागेल, आणि ती वाट बोजा या शब्दातच आहे. कर्जाच्या नोंदीत फक्त जमीन नसते, कर्ज कोणाचं हेही असतं. विषाच्या नोंदीतही देणेकरी लिहिला पाहिजे. दूषित करणारा कारखाना मंडळाने शोधून काढेपर्यंत सफाईचं देणं सरकारच्या नावावर आणि सापडला की त्याच्या. जमीनमालक त्यात पीडित म्हणूनच नोंदला जावा. त्याच्या जमिनीचा भाव जेवढा पडला तेवढी भरपाई हा त्या देण्याचाच भाग.

हे स्वप्नरंजन नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीला एच-ॲसिड हे रंगाला लागणारं रसायन बनवणारे कारखाने आले. थोड्याच काळात त्यांचा गाळ जमिनीत मुरला आणि विहिरींचं पाणी माणसाला सोडाच, गुरांनाही पिण्याजोगं राहिलं नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याने दूषित केलं त्यानेच सफाईचा खर्च द्यायचा. कंपन्यांनी टाळाटाळ केली. २०११ साली न्यायालयाने ३७ कोटी रुपयांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा हुकूम दिला. पंधरा वर्षं गेली, हे भयंकर आहे. पण व्याज चक्रवाढ लावलं, म्हणजे न्यायालयानेही त्या विषाकडे थकलेल्या देण्यासारखंच पाहिलं. मी सातबाऱ्यावर तेच मागतो आहे.

बोजा उतरतोही, आणि ते विसरून चालणार नाही. सफाई झाली, पुन्हा तपासणी झाली की फेरफार होऊन नोंद कमी व्हावी. सफाई सोपी नसते. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ साली बंद झाला आणि मातीत किती पारा उरला तर चालेल, यावरच नंतर कित्येक वर्षं वाद चालला. तरीही ज्या जमिनीवरून नोंद रीतसर उतरली तिच्यावर लोकांचा विश्वास बसेल. आज काय होतं? कुणालाच काही माहीत नसल्यामुळे कारखान्याच्या आसपासच्या सगळ्याच जमिनींवर संशय असतो आणि भाव सगळ्यांचाच पडतो, स्वच्छ असलेल्यांचाही.

तपासणीचा खर्च कोण करणार, असं विचारतात. ठाण्या-पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे. ८० लाखांच्या घरावर सरकार ५ लाख ६० हजार रुपये घेतं. अख्ख्या भूखंडाच्या मातीचे आणि भूजलाचे नमुने तपासायला येणारा खर्च त्यातल्या अशा काही घरांच्या शुल्कापुढे किरकोळ आहे. एवढं शुल्क घेणाऱ्याने निदान काय विकलं जात आहे याची खात्री करून द्यावी.

तोवर ज्यांना घर घ्यायचं आहे त्यांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. त्या फार अवघड नाहीत. शहराचा आधीचा विकास आराखडा पाहा. तुमचा भूखंड त्यात पिवळा होता की औद्योगिक वापराचा जांभळा, हे रंगावरून कळतं. उपग्रहाची वीस वर्षांपूर्वीची चित्रं घरबसल्या पाहता येतात. त्यात टाक्या, पत्र्याच्या शेड, काळे-पांढरे ढीग दिसतात का ते बघा. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. ती कागदपत्रं उघडी असतात, त्यातला मातीचा भाग वाचा आणि नमुने कुठून, किती खोलीवरून घेतले ते बिल्डरला विचारा. बंगल्याचा प्लॉट असेल तर भराव कुठला, हे लेखी मागा. गावातल्या जुन्या माणसाशी बोला. कोणाच्या विहिरी कधी बंद झाल्या, हे कुठल्याही दप्तरापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

आणि जे घर विकत आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जे माहीत आहे ते तोंडी सांगून थांबू नका, खरेदीखतात लिहा. मी ते केलं नाही.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा आमच्या त्या साडेतीन गुंठ्यांचा सातबारा मी ऑनलाइन काढून पाहिला. मालकाच्या जागी चौथं नाव आहे. इतर हक्कांत एका बँकेचा बोजा आहे, तारखेसह, रकमेसह. त्याखाली लिहिलं आहे: विहीर १.